छापील वडीगोद्री

नवरात्राच्या आधी मराठवाड्यात दसरा काढतात. काढतात म्हणजे घरच काढतात. गोधड्या, चादरी, घागरी, डबे, माळ्यावरचं, पलंगाखालचं, जे जे वर्षभर निमूट पडून असतं ते सगळं अंगणात येतं, धुतलं-घासलं जातं, उन्हात वाळतं आणि पुन्हा जागच्या जागी जाऊन बसतं. बायकांच्या कमरेचा काटा ढिला होतो आणि पुरुष त्या चार दिवसांत फाट्यावर जरा जास्तच चहा पितात. वडीगोद्रीतही हीच रीत. रामकिसननं ती जन्मभर इमानानं पाळली होती, म्हणजे चहा पिण्याची.

यंदा मात्र त्याची सुटका नव्हती. त्याच्या बायकोच्या, दैवशालाच्या, हृदयाची झडप खराब झाली होती. संभाजीनगरच्या डॉक्टरनं नवरात्राच्या तोंडावरची ऑपरेशनची तारीख दिली होती आणि तोवर पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही असं बजावलं होतं. मुलगा भागवत तिकडेच कंपनीत होता. तो फोनवर म्हणाला, "माय, एक साल दसरा न्हाई काढला तर देवी काय रागावती का?" दैवशाला म्हणाली, "देवीचं मला म्हाईत न्हाई, मी रागावते." झालं, विषय संपला. स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून ती बसली आणि अडुसष्ट वर्षांचा रामकिसन डोक्याला रुमाल बांधून तिच्या हुकुमाची वाट बघत उभा राहिला.

"एक आधीच सांगून ठेवते," ती म्हणाली. "औंदा वरच्या फळीवरचंबी सांगायचं."

रामकिसननं रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला.

"वरची फळी ऱ्हाऊ दे की. तिथं कुठं कोणाचा हात पोचतो."

"खालून सुरू करा, पण वरपर्यंत जायचं. तारीख जवळ आली माझी."

"ऑपरेशनची," रामकिसन म्हणाला.

"मी दुसरं काय म्हणले?"

वरच्या फळीवर दैवशालाच्या माहेरच्या पितळी घागरी होत्या आणि त्यांच्याखाली बावीस वर्षांपूर्वीचा एक पेपर होता, बातमीची बाजू खाली करून ठेवलेला. त्या पेपरात त्यांची मुलगी शालू जिवंत होती. खऱ्या वडीगोद्रीत ती त्याच्या आदल्याच दिवशी गेली होती.

आता हे 'सांगायचं' म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. फाट्यावर तातेरावचं हॉटेल होतं. तिथं येणारा पेपर शिळा झाला की रामकिसन घरी आणायचा, आणि त्यानं वाचून झाला की दैवशाला तो फळ्यांवर अंथरायची. जुना कागद ओढला तर फळीचा रंग निघतो, म्हणून ती जुन्यावरच नवा टाकायची. असे थरावर थर साचत जायचे आणि तीन-चार वर्षांनी एखाद्या दसऱ्याला सगळे एकदम निघायचे. मग भांडी घासायची राहिली बाजूला, रामकिसन भिंतीला टेकून बसायचा आणि डाळीच्या डागांमधून जुन्या बातम्या वाचून दाखवायचा. एकदा असाच वाचत असताना लहानगी शालू म्हणाली, "आण्णा, मंग पुढं काय झालं?"

बातमीच्या पुढं काय झालं हे बातमी छापणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पण पोरीला नाही कसं म्हणायचं? रामकिसननं एक गाव रचलं. त्याचं नाव छापील वडीगोद्री. पेपरात जे जे छापून येईल ते ते तिथं अक्षर न अक्षर खरं होतं. आपल्या वडीगोद्रीत मंत्र्याची ग्वाही हवेत विरून गेली तरी छापील वडीगोद्रीत ती पाळली जायची. शालूनंच त्याला कायदा घालून दिला होता, "छापलेलं बदलायचं न्हाई, आण्णा. पेपरात चुकत नसतंय." आठ वर्षांची पोर ती, तिचा पेपरावर विश्वास होता.

ती गेल्यावरही हा खेळ थांबला नाही. एक वर्ष तसं गेलं, मग दुसऱ्या दसऱ्याला दैवशालानं खालच्या फळीवरचा कागद काढून मुकाट्यानं नवऱ्यापुढं धरला. तिला हसायचं नव्हतं आणि त्याला हसवायचं नव्हतं. पण घरात काहीतरी आवाज हवा होता.

रामकिसननं खालच्या फळीवरचे डबे अंगणात नेले, कागद सोडवला आणि दाराच्या उजेडात धरला.

"मोसंबीला सोन्याचा भाव," त्यानं वाचलं.

"सांगा."

"छापील वडीगोद्रीत दुसऱ्या दिवशी बागवान उपाशी अन् सराफ खूश. अंबडच्या पेठेत सगळ्या सराफांनी काचंच्या कपाटात मोसंब्या मांडल्या. लगनात पोराचा बाप म्हणला, आमाला काय नको, पोरीच्या अंगावर पाच मोसंब्या घाला फक्त. घातल्या. वरातीत ऊन लई. नवरदेवाचा गळा सुकला, त्यानं नवरीच्या गळ्यातली एक काढली अन् पिळून पिला."

"अन् पोलीस आले असतील."

"आले ना. मुद्देमाल पोटात. पंचनामा कसा करावा, फौजदाराला समजंना."

दैवशाला हसली आणि हसता हसता तिला धाप लागली. रामकिसन उठायला लागला तसा तिनं हातानं त्याला बसवलं. अलीकडे तिच्या हसण्यातसुद्धा धोका शिरला होता आणि त्याला ते सहन होत नव्हतं. मोजून-मापून हसवणं त्याला कधी जमलं नव्हतं.

दुसऱ्या फळीवर बिबट्या निघाला. 'वडीगोद्री शिवारात बिबट्या? ग्रामस्थांची झोप उडाली.' खऱ्या वडीगोद्रीत तो बिबट्या म्हणजे तांबड्या रंगाचं एक थोराड कुत्रं होतं आणि ते पुढं तातेरावच्याच हॉटेलामागं पाव खाऊन म्हातारं झालं. छापील वडीगोद्रीत मात्र झोप उडालेली माणसं महिनाभर जागी राहिली, कंटाळली, आणि शेवटी सरपंचानं बिबट्याला बोलावून विनंती केली की येण्याची एक वेळ ठरवून घ्या. बिबट्यानं ऐकलं. तो रोज दिवेलागणीला गावातून एक चक्कर मारायचा आणि मग लोक निर्धास्त झोपायचे. चोऱ्या थांबल्या. त्यामुळं पोलीस पाटलाला कोणी विचारीना, तेव्हा त्यानं तहसीलला अर्ज केला की सदर इसमाजवळ रहिवासी दाखला नाही.

"मंग भेटला का दाखला?" दैवशालानं विचारलं.

"जन्मतारीख सांगता येईना त्याला. चकरा मारून राह्यला अजून."

तिसऱ्या फळीवर रेल्वे होती. 'अंबडला लवकरच रेल्वे.' ही बातमी या घराच्या फळ्यांवर आजवर चार वेळा निघाली होती, वेगवेगळ्या सालची आणि वेगवेगळ्या मंत्र्यांच्या फोटोसकट. छापील अंबडला म्हणून चार रेल्वेमार्ग होते. चारही गाड्या एकाच वेळी सुटायच्या, कोणत्या गाडीत बसावं ते लोकांना कळायचं नाही, आणि भांडण नको म्हणून सगळं अंबड एसटीनं जालन्याला जायचं. रामकिसननं ते सांगितलं, पण त्याचं लक्ष सांगण्यात नव्हतं. आता एकच फळी उरली होती आणि दैवशाला तिच्याकडेच बघत होती.

तेवढ्यात फोन वाजला आणि त्याला बरं वाटलं. फोन उमाचा होता, जाफराबादहून.

"काका, काकूला कशाला हात लावू देऊ नका बरं का. मी उद्या पहिल्या गाडीनं निघते. राहिलेलं मी आल्यावर करीन."

"झालंच हाय सगळं, बाई. तू फक्त ये."

"गोळ्या घेतल्या का त्यांनी?"

"बराबर घेऊन राह्यली. ये तू."

त्यानं फोन ठेवला. उमाचा आवाज आता चाळिशीतल्या बाईचा झाला होता, शाळेत शिकवून थोडा बसलेला. दर फोनला त्याच्या मनात एक चुकार हिशेब सुरू व्हायचा की आपल्या शालूचा आवाज आज कसा असता, आणि दर वेळी तो स्वतःवर चिडायचा.

उमा म्हणजे मुकुंद गुरुजींची मुलगी. गुरुजी वडीगोद्रीच्या शाळेवर बदलून आले तेव्हा उमा आणि शालू पहिलीत होत्या, आणि तेव्हापासून दोघींचं अर्धं जेवण इकडं आणि अर्धं तिकडं. अंबडच्या कॉलेजात गेल्या तरी तेच. त्या वर्षी डिसेंबरात एका मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न होतं जाफराबादला. दोघी पहाटेच्या बसनं जालन्याला गेल्या, तिथून पुढं जीपमध्ये बसल्या, दुसऱ्या दिवशी परत येणार म्हणून सांगून. त्यामुळं त्या रात्री दोन्ही घरं शांत झोपली.

सकाळी तातेराव हॉटेल उघडं टाकून पळत आला. हातात पेपर. "रामकिसन, शालू बरी हाय, पयले हे आयक," म्हणाला आणि मग वाचायला लागला. जीप उलटून तीन ठार. वडीगोद्रीची विद्यार्थिनी बचावली. शालू रामकिसन ही किरकोळ जखमी, प्रकृती धोक्याबाहेर. मृतांमध्ये तिची मैत्रीण उमा मुकुंद हिचा समावेश.

दैवशालानं देवापुढं वाटीभर साखर ठेवली. मग रडत रडत भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी घातली आणि डबा बांधून नवऱ्याच्या हातात दिला. दवाखान्यातलं जेवण पोरीला गोड लागायचं नाही, म्हणाली. रामकिसन आधी गुरुजींकडं गेला. गुरुजी ओट्यावर बसले होते, एका पायात चप्पल आणि एक पाय मोकळा. दोघं मिळून जालन्याला निघाले.  रामकिसननं डबा शालीखाली झाकून घेतला होता. आपल्या तोंडावर सुटकेचा मागमूस दिसू नये म्हणून तो खिडकीबाहेर बघत राहिला. आपलं तोंड कुठं ठेवावं हे त्याला त्या दिवशी खरोखर समजत नव्हतं.

दवाखान्यात खाटेवर शालूचं मरून रंगाचं स्वेटर दिसलं. आत उमा होती.

सकाळच्या गारठ्यात जीपमध्ये उमा कुडकुडायला लागली म्हणून शालूनं अंगातलं स्वेटर काढून तिला दिलं होतं. त्याच्या खिशात शालूचं कॉलेजचं ओळखपत्र होतं. शालूनं ते एकदा कपड्यांबरोबर धुतलेलं, त्यामुळं त्यावरचा फोटो कोणाचा आहे ते तिच्या आईलाही सांगता आलं नसतं. उमाची तर भेदरून वाचाच बसली होती, कितीही विचारलं तरी तोंडातून शब्द फुटत नव्हता. गेलेल्या शालूजवळ उमाच्या नावाची पिशवी सापडली. लोकांनी ओळखपत्रावर आणि पिशवीवर विश्वास ठेवला आणि वार्ताहरानं लोकांवर. कोणी मुद्दाम काही केलं नव्हतं. रामकिसनला रागवायलासुद्धा माणूस मिळाला नाही.

गुरुजी मुलीला बघून खाटेपाशी गुडघ्यावर बसले. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली. रामकिसननं हातातला डबा उमाच्या उशाशी ठेवला आणि बाकीचे तिघं कुठं ठेवले आहेत हे विचारायला तो बाहेर गेला.

पुढचे तेरा दिवस घरात माणूस मावत नव्हतं. पण रीतच अशी की बायका आत आणि पुरुष ओट्यावर. तो बाहेर रडला, ती आत रडली. भेटायला येणारी थांबली तेव्हा दोघांचंही रडणं संपलेलं होतं, किंवा दोघांनाही तसं वाटलं. पेपरात मागाहून काही दुरुस्ती आली का, ते त्यानं बघितलं नाही. तातेरावनंही पुढं बरेच दिवस त्याला पेपर दाखवला नाही. तो अंक कुठं गेला हे रामकिसनला पुढच्या दसऱ्याला कळलं. दैवशाला घागरी घासून परत मांडत होती, आणि तिनं आधी तो कागद अंथरला. त्यानं बघितलं, तिनं बघितलं की त्यानं बघितलं, आणि दोघंही काही बोलले नाहीत. तेव्हापासून दर वर्षी घागरी उतरायच्या, कागद झटकला जायचा, पुन्हा जागेवर जायचा.

"चढा आता," दैवशाला म्हणाली.

रामकिसन स्टुलावर चढला. घागरी एकेक करून उतरवल्या. कागद पिवळा पडला होता आणि घागरींच्या बुडांच्या गोल खुणा त्याच्यावर उमटल्या होत्या. तो उतरला, कागद उलटा केला आणि चष्मा पुसत बसला. चष्मा पुसायला लागतो त्यापेक्षा फार वेळ तो पुसत बसला.

"वाचू नका," ती म्हणाली. "ते मला पाठ हाय. पुढचं सांगा."

"दैवशाले, कशाला आता. दोन दिवसांनी जायचं आपल्याला."

"म्हणूनच. सगळ्यांचं सांगितलं तुम्ही. कुत्र्याचं सांगितलं, रेल्वेचं सांगितलं. बावीस साल झाले, माझ्या पोरीचं काय झालं ते सांगंना झाले तुम्ही. मी इचारलं न्हाई. मला वाटायचं, तुम्हाला ती आठवतच नसंल."

हे त्याला फार लागलं. आयुष्यात कोणी त्याला इतकं लागेलसं बोललं नव्हतं. त्यानं कागद मांडीवर नीट पसरला आणि भिंतीला टेकून बसला.

"छापलंय, किरकोळ जखमी," तो म्हणाला. "म्हणजे तिसऱ्या दिवशी सोडलं तिला. डॉक्टर म्हणला, राहा अजून. ही म्हणली, तुमच्या चहात साखर न्हाई, मी चालले."

"असंच म्हणली असती."

"जीपमधी काय बसंना. जीपला माझा रामराम, म्हणली. लाल गाडीनं आली. डोक्याला ही एवढी पट्टी. फाट्यावर उतरली तर तातेराव हॉटेल सोडून बाहेर. म्हणला, पोरी, पेपरात नाव आलं तुझं, लई मोठी झाली तू. ही म्हणली, मोठी झाले तर मंग भजे द्या."

"मिरचीचे."

"मिरचीचेच. कागदात बांधून घेतले अन् खात खात निघाली गावात. मारुतीपाशी बाया जमल्या. कोणी म्हणी दाखव पट्टी, कोणी म्हणी दाखव. ही म्हणली, दाखवीन, पण एका भज्याला हात लावायचा न्हाई."

दैवशाला हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचं तिनं मनावर घेतलं नाही. आता धाप लागेल, बंद करावं, असं रामकिसनला वाटलं. पण तो स्वतःच त्या गल्लीत शिरला होता आणि पोर चार पावलं पुढं चालत होती.

"दारात आली. तू म्हणली, थांब तिथंच."

"भाकरतुकडा ओवाळला असंल मी."

"ओवाळून टाकला. पायावर पाणी घातलं. ती म्हणली, माय, भाकरी टाकू नको, मला भूक लागली. मंग आत आली. देवापुढं वाटीत साखर बघितली, अन् उभ्या उभ्या सगळी खाल्ली. तू म्हणली, अगं, देवाची हाय. ती म्हणली, देवाला शुगर व्हईल."

"मंग?"

"मंग हात झटकले, ल्हानपणी फ्रॉकला पुसायची तसे. माझ्याकडं बघितलं, अन् म्हणली..."

तो थांबला.  बाहेर उन्हात मांडलेल्या डब्यांवर कावळा येऊन बसला, झाकण वाजवून उडून गेला.

"काय म्हणली?"

"म्हणली, आण्णा, उमा कुठंय?"

दैवशालाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

"पुढं न्हाई," रामकिसन म्हणाला. "इथंच थांबतंय. तुला वाटतंय मला आठवत न्हाई. मी रोज सांगून राह्यलो, दैवशाले. रानात पाणी देतानी सांगतो, बांधावर बसून सांगतो. कधी तिला बसमधून आणतो, कधी गुरुजींच्या गाडीवर. कशीबी आणली तरी ती घरात येती, अन् पयलं तेच इचारती. दुसरं काय इचारणार ती? मंग मला काय सांगता येईना. छापलेलं बदलायचं न्हाई, तिनंच ठरवलं व्हतं. तिच्या तोंडावर कसं बदलू?"

दैवशालानं खुर्चीवरून हात लांब करून कागद त्याच्या मांडीवरून घेतला. तिला वाचायला चष्मा लागायचा, पण ते नाव कुठं आहे ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. बोट आधी शालूच्या नावावर गेलं. मग बऱ्याच वेळानं ते खाली सरकलं आणि उमाच्या नावावर थांबलं.

"उद्या यायलीय उमा," ती म्हणाली.

"हां."

"माझ्यासाठी रजा काढून यायलीय. दवाखान्यात मीच ऱ्हाते म्हणली, भागवतच्या बायकोला जमणार न्हाई म्हणून."

"हां."

"अन् मी बावीस साल तिला इथं घागरीखाली दाबून बसले." तिनं त्या नावावरून बोट फिरवलं. "मला पोरीच्या नावाखेरीज दुसरं दिसलंच न्हाई ओ ह्या कागदात."

 रामकिसननं तिच्या पावलावर हात ठेवला. पाऊल सुजलेलं होतं आणि थंड होतं.

"मी तुम्हाला रानात बोलतानी आयकलं व्हतं," ती म्हणाली. "परसाल भाकरी घेऊन आल्ते तवा. कोणासंगं बोलून राह्यले म्हणून लिंबामागं थांबले. शालूला भजे घेऊन देत व्हते तुम्ही. मी भाकरी बांधावर ठेवली अन् माघारी आले. तवा समजलं, आठवत न्हाई असं न्हाई. पण तुम्ही सांगंना, म्हणून आत्ता मुद्दाम टोचून बोलले."

"मंग आजच का काढलं हे?"

"डॉक्टर काय म्हणला ते तुम्हीबी आयकलं. मी परत आले तर आले. न्हाई आले तर तुम्ही एकटे ऱ्हाल, अन् रोज तिला दारापर्यंत आणून उभी करत बसाल. तिला आत घेता येईना अन् माघारी धाडता येईना. एकट्या माणसाला न्हाई झेपायचं ते. माझ्या देखत संपवा."

"कसं संपवू?"

"पेपरात चुकलं, म्हणा."

रामकिसननं मान हलवली. नाही म्हणून हलवली की नुसतीच हलली, ते त्यालाही कळलं नाही. इतक्या वर्षांत त्यानं जेवढं म्हणून रचलं होतं, बिबट्या, रेल्वे, मोसंब्या, ते सगळं या एका गोष्टीवर उभं होतं की पेपरात चुकत नसतं. आणि त्या सगळ्याच्या तळाशी, कोणाला दिसणार नाही अशा जागी, त्यानं पोर ठेवली होती. चुकलं म्हटलं की ती तिथूनही जाणार. एकदा जाणं त्यानं सोसलं होतं. दुसऱ्यांदा, आणि तेही आपल्या तोंडानं, हे त्याच्या जिवावर आलं.

"म्हणा ना," दैवशाला म्हणाली. ती आता हुकूम करत नव्हती, विनवत होती. "मला तुमच्या तोंडून आयकायचंय. त्या दिवशीबी तुम्ही घरी आल्यावर काय बोलले न्हाई. नुसते दारात उभे राह्यले. मला बायांनी सांगितलं."

ते खरं होतं. जालन्याहून परत आल्यावर तो दारात उभा राहिला होता आणि त्याचे रिकामे हात बघूनच बायकांनी टाहो फोडला होता. त्याच्या तोंडून ते वाक्य कधी निघालंच नव्हतं, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

"चुकलं व्हतं पेपरात," तो म्हणाला.

तिनं कागद बाजूला ठेवला.

"उमा जगली." त्यानं चष्मा काढला. "आपली शालू गेली, दैवशाले."

"हां," ती म्हणाली. "गेली."

मग ती खुर्चीवरून हळूच खाली उतरली आणि त्याच्याजवळ जमिनीवर येऊन बसली. डॉक्टरनं मना केलं होतं, पण त्यानं तिला अडवलं नाही. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. अंगणात भांडी तशीच पडून राहिली, आणि मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा तिचे आईबाप एका जागी बसून रडले.